‘सवय करून घ्या’

ज्या व्याधीने मनुष्य मरत नाही ती व्याधी क्षुल्लक होय, असा एक समज आपल्या समाजात आणि आपल्या वैद्यकव्यवसायात सारखाच रूढ आहे. ताप चढला, रक्त वाहिले, हाड मोडले, तर घरची माणसे धावून येतात, शेजारी विचारपूस करतात आणि डॉक्टरही गंभीर होतात. परंतु ज्याच्या कानात रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजत आहे, ज्याला वैशाखातील भर दुपारीही रातकिडे ऐकू येतात, आणि ज्याला हा आवाज दुसऱ्या कोणासही ऐकवून दाखविता येत नाही, त्याच्याकडे लक्ष देण्यास कोणासच सवड नसते. तो नांदेडास किंवा लातुरास कान-नाक-घशाच्या दवाखान्यात जातो. तेथे कानात उजेड टाकून पाहिले जाते, फार तर श्रवणमापन होते, पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, आणि तो दाराकडे वळता वळता त्याला तीन शब्द ऐकविले जातात, ‘सवय करून घ्या.’ या तीन शब्दांचा परामर्श घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की, हे शब्द खोटे नाहीत. खोटे असते तर त्यांचे खंडन करणे सोपे होते. कर्णनादावर आजमितीस जो काही उपाय शास्त्रास मान्य आहे, त्याचे अंतिम साध्य सवय हेच आहे. पण साध्य सांगणे निराळे आणि साधन देणे निराळे. पोहता न येणाऱ्यास गोदावरीच्या काठावर उभे करून ‘पलीकडे जा’ असे सांगणाऱ्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. पैलतीर खरोखरच तेथे असतो. तरीही अशा माणसास कोणी पोहण्याचा शिक्षक म्हणणार नाही. आमच्याकडे कर्णनादाच्या रोग्यास दिला जाणारा सल्ला नेमका या जातीचा आहे. तो उपचाराचा वेष घेतलेला निरोप आहे. आणि या निरोपामुळेच रोगी पुढे तेलवाल्या, तंत्रवाल्या व जाहिरातवाल्या मंडळींच्या हाती पडतो, असे माझे म्हणणे आहे.

ही व्याधी नवी नाही आणि विरळाही नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात विसाव्या अध्यायात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कानातील नादास स्वतंत्र स्थान आहे, आणि एका निराळ्या प्रकारच्या नादास ‘क्ष्वेड’ असे वेगळे नाव दिले आहे. माधवनिदानात भेरी, मृदंग व शंख यांच्यासारखे आवाज ऐकू येणाऱ्या रोग्याचे वर्णन येते. युरोपात बीथोवेनने १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्रास लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस कान गुणगुणत असल्याची तक्रार केली होती. चेक संगीतकार स्मेताना याने तर १८७६ साली रचलेल्या आपल्या आत्मचरित्रपर चतुर्वाद्यरचनेच्या अखेरच्या भागात व्हायोलिनचा एक अतिशय उंच, लांबविलेला स्वर मुद्दाम घातला. तो त्याच्याच कानातला आवाज होता. २०२२ साली जगभरच्या पाहण्यांचा जो एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यावरून प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ टक्क्यांस हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो, आणि जवळजवळ २ टक्क्यांस तो तीव्र स्वरूपात छळतो, असे दिसते. हे २ टक्के म्हणजे जगात बारा कोटींहून अधिक माणसे. एवढ्या माणसांना तीन शब्दांत वाटेस लावणे हा वैद्यकशास्त्राचा संक्षेप खरा, पण तो काही त्याचा गौरव नव्हे.

आता हा आवाज येतो कोठून, हे पाहू. कारण पुढील सर्व युक्तिवाद त्यावर उभा आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, आणि तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे मज्जासंदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी किंवा रोगाने या पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे येणारे संदेश कमी पडतात, आणि मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो. ज्याने जुना रेडिओ वापरला आहे त्याला हे लगेच कळेल: केंद्र नीट लागत नसले म्हणजे आपण आवाजाची कळ पिळतो, आणि मग गाणे ऐकू येण्याऐवजी खरखरच मोठी होते. बहुतेक रोग्यांचा कर्णनाद हा असाच असतो. आवाज कानात ‘ऐकू येतो’, पण तो घडतो मेंदूत. म्हणूनच श्रवणाचा मज्जातंतू शस्त्रक्रियेने तोडलेल्या कित्येक रोग्यांचाही नाद थांबत नाही. ज्या आवाजाचा उगम मज्जातंतूच्याही पलीकडे आहे, तो कानात चार थेंब तेल सोडल्याने कसा थांबणार, याचा विचार वाचकांनी करावा.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अनुचित होईल. कानातील मळ, पडद्यामागे साचलेले पाणी, मधल्या कानातील हाडांचा ताठरपणा अशा कारणांनी येणारा नाद मूळ कारण दूर केल्यावर कमी होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिनची मोठी मात्रा किंवा क्विनीन यांनी आलेला नाद औषध थांबविल्यावर बहुधा ओसरतो. पण जेन्टामायसिनसारख्या इंजेक्शनांनी झालेली हानी कायमची असू शकते. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, त्याबरोबर चक्कर येत असेल, तर अधिक तपासणी अवश्य झाली पाहिजे. एखाद्या सकाळी एक कान एकाएकी ऐकेनासा झाला, तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू होण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अशा रोग्यासही न तपासता ‘सवय करून घ्या’ म्हणणे ही निव्वळ हयगय होय.

परंतु तपासणी होऊन काही विशेष न सापडलेला जो मोठा वर्ग उरतो, त्याचे काय? येथे डॉक्टरांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ते म्हणतात, ‘औषध नाही, तर आम्ही काय देणार?’ औषध नाही हे सत्य आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली या व्याधीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत गिंको, जस्त, मेलाटोनिन यांसारखी द्रव्ये कर्णनादासाठी देऊ नयेत, आणि नैराश्यावरील, झटक्यांवरील व गुंगीची औषधे केवळ या आवाजासाठी नेहमीच्या रीतीने लिहून देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा जो डॉक्टर ‘गोळीने हा आवाज जाणार नाही’ असे तोंडावर सांगतो, तो त्या गोळ्या लिहून देणाऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्याच तत्त्वांच्या त्याच पुस्तिकेत आणखीही काही लिहिले आहे, आणि आमच्याकडे नेमके तेच वाचावयाचे राहून जाते. रोग्यास व्याधीचे स्वरूप समजावून सांगावे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राची परीक्षा करून पाहावी. आणि नाद त्रासदायक असेल तर मनाला वळण लावणाऱ्या वर्तनोपचाराची शिफारस करावी, असे तेथे म्हटले आहे. या वर्तनोपचारासंबंधी २०२० साली २८ अभ्यासांची छाननी होऊन असे आढळले की, या मार्गाने आवाज नाहीसा होत नसला तरी त्याचा जीवनावरील जाच कमी होऊ शकतो. म्हणजे ‘काही नाही’ हे विधान गोळ्यांपुरते खरे आहे, उपचारांपुरते नाही. गोळी संपली की वैद्यक संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या विद्येची मर्यादा औषधाच्या दुकानाच्या फळीएवढी करून ठेवली आहे.

सवय ही काय वस्तू आहे, हे एका प्रयोगावरून चांगले समजते. १९५३ साली हेलर व बर्गमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी ज्यांना ऐकू नीट येते अशा ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले आणि काय ऐकू येते ते सांगावयास लावले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले. तात्पर्य, नीरव शांततेत कान पुरेसा लावला तर नाद बहुतेकांस ऐकू येतो. एरवी तो ध्यानी येत नाही, इतकेच. जो पीडित आहे त्याचा आवाज अधिक स्पष्ट असेल हे खरे. परंतु पीडेचे मोजमाप आवाजाच्या उंचीवरून होत नाही. तो आवाज मनाने कोणत्या सदरात टाकला आहे, यावर ते ठरते. नांदेडच्या रेल्वेस्थानकाशेजारी राहणारी कुटुंबे रात्रीच्या गाड्यांच्या शिट्ट्यांत गाढ झोपतात, आणि त्याच घरातील आई पाळण्यातील मुलाच्या बारीकशा कण्हण्याने ताडकन उठून बसते. गाडी मोठी असून निरर्थक आहे. मूल क्षीण असून अर्थपूर्ण आहे. ज्याला आपला नाद म्हणजे मेंदूतील गाठीची, बहिरेपणाची किंवा वेडाची वर्दी वाटते, त्याचे मन त्या नादाला पाळण्यातील मूल करून बसते. अशा माणसास ‘सवय करून घ्या’ असे कितीही बजावले तरी सवय होणे शक्य नाही. कारण भय असलेल्या गोष्टीची सवय होत नसते. पहिल्याने भय काढावे लागते, आणि भय काढावयाचे तर समजावून सांगावे लागते. ही सवयीची पहिली पायरी. आणि ‘सवय करून घ्या’ म्हणणारा नेमकी तीच गाळतो. इतकेच नव्हे, तर कपाळाला आठी घालून ‘याला इलाज नाही’ असे म्हणून तो भय दुप्पट करतो.

पुढच्या पायऱ्याही गूढ नाहीत. अगदी निःशब्द खोलीत झोपू नये. पंखा, मंद लावलेले गाणे, पावसाच्या आवाजाची ध्वनिफीत असे काही सोबतीस ठेवावे, मात्र ते नाद बुडेल इतके मोठे नसावे. नाद व भोवतालचे आवाज एकत्र ऐकू यावेत आणि नादाचे महत्त्व उतरत जावे. बाहेरच्या साध्या आवाजांना भिऊन कानात बोळे घालून हिंडू नये. झोपेची वेळ नेमकी ठेवावी. नाद आज कालच्यापेक्षा वाढला की कमी झाला, हे दर तासाला तपासीत बसू नये. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या उजव्या कानात हा नाद गेली कित्येक वर्षे आहे आणि हा लेख लिहीत असतानाही आहे. पण तो आता शेजारच्या घरातल्या गिरणीसारखा आहे. ही अवस्था कोणाच्या तीन शब्दांनी आली नाही. पुस्तके मिळाली, ती वाचता आली आणि समजून घ्यावयास फुरसत होती, म्हणून ती आली. जी गोष्ट एका प्राध्यापकास पुस्तकांमुळे मिळाली, ती लोह्याच्या शेतकऱ्यास, औशाच्या शिंपिणीस किंवा निलंग्याच्या बसचालकास मिळण्याची काय सोय आहे, हा माझा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की, सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शेकड्यांनी माणसे रांगेत असता एकेका रोग्यास अर्धा तास कोठून द्यावयाचा? आक्षेप रास्त आहे, पण तो शेवटचा शब्द नव्हे. एकेकट्यास वेळ नसेल, तर आठवड्यातून एकदा दहा जणांस एकत्र बसवून अर्धा तास समजावून सांगता येईल. नांदेडास १९८८ पासून आणि लातुरास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंबाजोगाईचे तर त्यांहूनही जुने. तेथे कानाचे विभाग आहेत, मानसोपचाराचे विभाग आहेत, आणि शिकणारी तरुण मुले आहेत. कानाच्या विभागाने मानसोपचाराच्या विभागाचे दार ठोठावण्यास कोणत्या अनुदानाची गरज आहे? सोप्या मराठीत एक पानाचे पत्रक छापून प्रत्येक रोग्याच्या हाती देण्यास किती खर्च येतो? २००६-०७ पासून बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्याचा कार्यक्रम त्याच्याही आधीपासून आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासासाठी दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळतो. साधने विखुरलेली आहेत. त्यांना एका दोऱ्यात ओवणारा कोणी नाही, कारण या व्याधीस व्याधी म्हणून कोणी मोजतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात दोन्ही कानांनी किमान ६० डेसिबलांची श्रवणहानी असेल तर मनुष्य कर्णदोषी ठरतो. सवलतीच्या श्रवणयंत्रासाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. कर्णनादाचे पुष्कळसे रोगी या मोजपट्टीत बसतच नाहीत. ज्याला उंच स्वर तेवढे ऐकू येत नाहीत, ज्याला एका श्रवणयंत्राने शब्दही मिळतील आणि नादही बोथट होईल, त्याला ते स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते.

डॉक्टरांनी असा हात झटकला म्हणजे रोगी स्वस्थ बसत नाही. मनुष्यस्वभावच असा आहे की, ‘उपाय नाही’ हे वाक्य त्याला ‘येथे उपाय नाही’ असे ऐकू येते. मग तो भिंतींवरच्या रंगविलेल्या अक्षरांकडे, वृत्तपत्रातील चौकटींकडे आणि हातातल्या फोनवर नाचणाऱ्या चित्रांकडे वळतो. तेथे त्याला कोणी झिडकारीत नाही. तेथे त्याची कहाणी सविस्तर ऐकून घेतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि एकवीस दिवसांत मुळापासून आराम देण्याची हमी घेतात. बहिरेपणा बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ‘कानाच्या सर्व तक्रारी’ या गोंडस शब्दांआड सर्व काही खपते. वैद्यांशी माझे भांडण नाही. ज्यांच्या शास्त्राने या रोगास इतक्या प्राचीन काळी नाव दिले, त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु पडदा फाटलेला आहे की नाही हे न पाहता कानात तेल ओतणारा वैद्य सुश्रुताचा वारस नव्हे. तथापि या भोंदूंचा धंदा चालतो तो त्यांच्या तेलावर नाही. त्यांनी दिलेल्या वेळेवर चालतो. जो वेळ शास्त्र देत नाही, तो वेळ विकून ते श्रीमंत होतात.

दुसरा एक वर्ग श्रद्धावंतांचा. मराठवाडा ही नाथपंथाची व संतांची भूमी. त्यामुळे कानात नाद येतो असे म्हणताच ‘भाग्यवान आहात, हा अनाहत नाद’ असे सांगणारे स्नेही येथे हमखास भेटतात. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधानाचे वर्णन करताना समुद्र, मेघ, भेरी, मग शंख, घंटा, आणि शेवटी वेळू, वीणा व भ्रमर असा नादांचा क्रम लावला आहे. वैद्यकाच्या ग्रंथात ज्या भेरीशंखांची गणना रोगात झाली, त्यांचीच योगाच्या ग्रंथात साधनेत झाली, हे पाहून वाचकांस कौतुक वाटेल. यात विरोध नाही. योगी आपण होऊन कान मिटतो, नादाकडे जातो आणि उठावेसे वाटले म्हणजे उठतो; रोग्याकडे नादच चालून येतो आणि उठावयाचे नाव घेत नाही. आत जाण्याची मोकळीक असलेल्या खोलीस मठ म्हणतात. बाहेर येण्याची मोकळीक नसलेल्या खोलीस काय म्हणतात, ते सांगावयास नको. रोग्याच्या दुःखास सिद्धीचे नाव दिल्याने त्याचे दुःख कमी होत नाही. फक्त ते बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटू लागते.

राहता राहिला प्रश्न, ही माणसे निर्माणच का व्हावीत? ज्या पेशी पुन्हा उगवत नाहीत त्या जपणे हाच खरा शहाणपणा, हे वर सांगितलेल्या शरीररचनेवरून उघड आहे. ८५ डेसिबलांत आठ तास काढणे ही कामगारासाठी सुरक्षिततेची सीमा मानतात. पुढे दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलांस ती पंधरा मिनिटांवर येते. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीतील मागांचा खडखडाट थांबला. लातूरच्या डाळगिरण्यांचा चालू आहे, आणि तेथे कानाला संरक्षण घालणे हे अजून नखरेलपणाचे लक्षण समजतात. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तर १०० डेसिबलांची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि तीपुढे पंधरा मिनिटे नव्हे, चार-चार तास लहान मुले नाचत असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र सांगितले आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बजावले. नियम आहेत, निकाल आहेत. आणि तक्रार करणाऱ्यास आजूबाजूचे लोक काय सांगतात? ‘वर्षातून चार दिवस आहेत, सवय करून घ्या.’ म्हणजे ज्या तीन शब्दांनी कान फोडावयाचे, त्याच तीन शब्दांनी फुटलेल्या कानाची बोळवण करावयाची! लातुरात देशोदेशीची म्हणावी इतकी हजारो मुले डॉक्टर होण्यासाठी शिकावयास येतात. त्यांच्या कानांत दिवसाचे किती तास आणि किती मोठ्याने यंत्रे ओरडत असतात, हे त्यांच्या आईबापांनी एकदा विचारून पाहावे. उद्या रोग्यास हे तीन शब्द ऐकविणारे तेच आहेत, आणि ऐकून घेणारेही कदाचित तेच असतील.

सहन करणे हा मराठवाड्याचा गुण सर्वांनी वाखाणला आहे. पण प्रत्येक कमतरतेवर सहनशीलता हेच उत्तर नसते. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेले होते, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आले. लातूरकरांनी तहानेची सवय करून घ्यावी, असे सांगण्याचा धीर कोणास झाला नाही, कारण तहान सर्वांस दिसत होती. कर्णनाद दिसत नाही, एवढाच त्याचा अपराध. म्हणून रोग्यांनीच आता बोलावयास शिकले पाहिजे. डॉक्टरांनी ‘सवय करून घ्या’ म्हटले, तर खुर्चीवरून उठू नये. नम्रपणे विचारावे, ‘होय साहेब, पण कशी?’ ज्या दिवशी नांदेड-लातूरच्या प्रत्येक दवाखान्यात या दोन शब्दांना उत्तर मिळू लागेल, त्या दिवसापासून त्या तीन शब्दांविषयी माझी काही तक्रार राहणार नाही.